बॅटलटेकचा पहिला बॉक्स घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"सायन्स फिक्शनचा, डावपेचांचा, पण नवख्याला झेपेल असा एखादा बोर्ड गेम सांगा" असं कुणी विचारलं की मी बॅटलटेकचं नाव घेतो. लगेच पुढचे प्रश्न सुरू होतात: कुठला बॉक्स, किती पैसे, मुलाला जमेल का, नियम फार आहेत का. सतत येणारे हे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखादं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बॅटलटेक म्हणजे नेमकं काय? मी ल्यूडो आणि मोनोपॉलीच्या पुढे कधी गेलेलो नाही.

काळ एकतिसाव्या शतकातला. माणसं ताऱ्या-ताऱ्यांवर पसरली आहेत, आणि मोठमोठी घराणी एकमेकांशी लढत आहेत. युद्धाचं मुख्य हत्यार म्हणजे दोन पायांवर चालणारं, आत पायलट बसलेलं अजस्र यंत्र. त्याला 'मेक' म्हणतात. नेहमीच्या खेळात सर्वांत हलका मेक २० टनांचा, सर्वांत जड १०० टनांचा.

टेबलावर षटकोनी खणांचा नकाशा पसरायचा, त्यावर मेकच्या छोट्या प्रतिकृती ठेवायच्या आणि आळीपाळीने हलवायच्या. एक खण म्हणजे ३० मीटर, एक फेरी म्हणजे १० सेकंद. प्रत्येक मेकचा एक छापील कागद असतो, त्याला रेकॉर्ड शीट म्हणतात. त्यावर मेकच्या शरीराची आकृती असते आणि हात, पाय, छाती, डोकं अशा प्रत्येक भागात चिलखताचे बारीक गोल असतात. डाव्या हाताला १०चा फटका बसला की डाव्या हातातले दहा गोल पेन्सिलने काळे करायचे. गोल संपले की आतला सांगाडा उघडा पडतो. मग हातच तुटतो, आणि त्या हातातलं शस्त्रही जातं. आपला मेक असा तुकड्यातुकड्याने झिजताना समोर दिसतो, त्यामुळे लोक या खेळात गुंतून जातात.

हा गेम १९८४ साली शिकागोच्या फासा कॉर्पोरेशनने 'बॅटलड्रॉइड्स' नावाने आणला. 'ड्रॉइड' शब्दावर लुकासफिल्मने हक्क सांगितल्यावर पुढच्या वर्षी नाव बदलून 'बॅटलटेक' केलं. आज तो कॅटलिस्ट गेम लॅब्स ही कंपनी काढते. इतक्या वर्षांत नियमांचा गाभा फारसा हललेला नाही. नव्या खेळाडूला त्याचा काय फायदा, ते प्रश्न १७ मध्ये येईल.

२. एका ओळीत सांगा: पहिल्यांदा कुठला बॉक्स घेऊ?

'बॅटलटेक: बिगिनर बॉक्स'. आणि त्यावर दोन-तीन डाव पूर्ण होईपर्यंत दुसरं काहीही मागवू नका.

३. बिगिनर बॉक्समध्ये काय येतं? वरून काही आणावं लागतं का?

जोडून तयार असलेले, न रंगवलेले दोन प्लॅस्टिकचे मेक, उभे करायचे पुठ्ठ्याचे आणखी काही मेक, दोन्ही बाजूंनी छापलेला नकाशा, रेकॉर्ड शीट, पायलटची कार्डं, छोटं रूलबुक, या जगाची ओळख करून देणारी एक लघुकादंबरी आणि दोन फासे. २०१९च्या आवृत्तीत ग्रिफिन आणि वुल्व्हरिन हे दोन मेक होते. छपाईनुसार आतले मेक बदलू शकतात, म्हणून बॉक्सच्या मागचं चित्र बघून घ्या.

वरून पेन्सिल, खोडरबर आणि पंखा बंद करण्याची तयारी एवढंच लागतं. नकाशा कागदी आहे, उडतो. फाशांची आणखी एक जोडी आणलीत तर दोघांना एकमेकांकडे फासे सरकवत बसावं लागत नाही. साधे सहा बाजूंचे फासे चालतात, घरातल्या ल्यूडोचेही.

४. बिगिनर बॉक्स आणि 'अ गेम ऑफ आर्मर्ड कॉम्बॅट' यांत फरक काय? थेट मोठाच का घेऊ नये?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

'अ गेम ऑफ आर्मर्ड कॉम्बॅट' हा पूर्ण मूळ गेम. त्यात आठ मेक येतात: २० टनांचा लोकस्ट, २५ टनांचा कमांडो, प्रत्येकी ५५ टनांचे शॅडो हॉक आणि वुल्व्हरिन, प्रत्येकी ६५ टनांचे कॅटापल्ट आणि थंडरबोल्ट, ८० टनांचा ऑसम आणि ८५ टनांचा बॅटलमास्टर. हलके, मध्यम, जड आणि अतिजड असे चारही वजनगट एकाच बॉक्समध्ये. नुसत्या पैशांचा हिशेब केला तर प्रत्येक मेकमागे हाच स्वस्त पडतो.

तरीही आधी लहान बॉक्सच घ्या असं मी म्हणतो, ते नियमांमुळे. बिगिनर बॉक्सच्या नियमांत हीट (मेक तापणं, प्रश्न ७ पाहा) नाही आणि आतले भाग निकामी होण्याचे तक्ते नाहीत. उरतं ते हलणं, नेम धरणं आणि चिलखत झिजवणं. खेळाचं हाडच तेवढं आहे. पहिल्याच संध्याकाळी हीट, दारूगोळ्याचा स्फोट, तोल जाऊन पडणं, लाथ-बुक्की हे सगळं अंगावर घेतलं की दोन तास रूलबुक चाळण्यात जातात. मग बॉक्स माळ्यावर जातो तो कायमचा. असे कितीतरी बॉक्स मी पाहिले आहेत, आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण गेम चांगला असतो आणि चुकलेला असतो तो फक्त क्रम.

याला अपवाद आहे. तुमच्या गटातल्या एकाने आधी कुठलाही युद्धाचा बोर्ड गेम खेळला असेल आणि तो इतरांना शिकवायला तयार असेल, तर सरळ मोठा बॉक्स घ्या. फक्त पहिल्या डावात हीट मोजू नका, एवढं पथ्य पाळा.

दोन्ही बॉक्स एकमेकांत मिसळतात. नकाशाचे खण एकाच मापाचे आहेत, मेकही एकाच प्रमाणातले. मात्र २०१९चा बिगिनर बॉक्स आणि मोठा बॉक्स असे दोन्ही घेतले तर वुल्व्हरिन दोनदा येतो. त्याने बिघडत नाही, समोरासमोरच्या तुकड्यांत एकेक उभा करता येतो.

५. किती जण खेळू शकतात आणि वेळ किती लागतो?

मुळात दोघांचा खेळ. पण प्रत्येकाने एकेक मेक घेऊन चौघांनाही छान खेळता येतं, दोन विरुद्ध दोन.

वेळ मेकच्या संख्येवर ठरतो. एकास एक आणि बिगिनर नियम असतील तर तासाभरात निकाल लागतो. चार मेकच्या तुकडीला 'लान्स' म्हणतात. लान्स विरुद्ध लान्स, पूर्ण नियमांनी, नवख्या हातांना अख्खी दुपार पुरत नाही. रविवारी जेवणानंतर बसायचं असेल तर दोनास दोनच्या पुढे जाऊ नका. वेळ हीच तुमची मुख्य अडचण असेल तर प्रश्न १३ पाहा.

६. फासे टाकायचे म्हणजे शेवटी नशिबाचाच खेळ ना?

नाही, आणि हे नीट समजलं तर पहिल्या डावापासूनच मजा येते.

मारा करताना दोन फासे टाकून एक ठरावीक आकडा किंवा त्याहून मोठा आकडा आणायचा असतो. तो आकडा फाशांच्या आधी तुमच्या हालचालींनी ठरतो. पायलटचं नेमबाजीचं कौशल्य साधारणपणे ४ असतं, तिथून सुरुवात करायची. तुम्ही चाललात तर १ वाढवायचा, धावलात तर २, उडी मारलीत तर ३. समोरचा ३-४ खण हलला असेल तर १, ५-६ खण हलला असेल तर २, ७ ते ९ खण हलला असेल तर ३. मध्ये विरळ झाडीचा खण असेल तर १. पल्ला मध्यम असेल तर २, लांब असेल तर ४.

आता उदाहरण घ्या. तुमचा ग्रिफिन चालत आला आहे. समोरचा वुल्व्हरिन सहा खण धावला आहे. मध्ये एक विरळ झाडी आहे आणि अंतर आठ खणांचं. ग्रिफिनच्या पीपीसी तोफेला आठ खण म्हणजे मध्यम पल्ला. ४ अधिक १ अधिक २ अधिक १ अधिक २, म्हणजे १०. दोन फाशांवर १० किंवा जास्त येण्याच्या शक्यता ३६ पैकी ६, सहातून एकदा.

तोच ग्रिफिन झाडी टाळून पाच खणांवर उभा राहिला आणि वुल्व्हरिन चढावामुळे तीनच खण हलू शकला, तर ४ अधिक १ अधिक १, म्हणजे ६. शक्यता ३६ पैकी २६. फासे तेच, मेक तेच, फरक फक्त कोण कुठे उभा आहे याचा.

२०१९च्या बॉक्समधली ही जोडीसुद्धा विचार करून निवडलेली आहे. दोघेही ५५ टनांचे, दोघांच्या पायांत सारखाच वेग, दोघेही तितकीच उडी मारतात. पण ग्रिफिनकडे पीपीसी आणि लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं आहेत, तर वुल्व्हरिनकडे मध्यम लेझर आणि जवळून मारायची क्षेपणास्त्रं. पूर्ण नियमांत पीपीसीने तीन खणांच्या आत मारताना नेम बिघडतो. म्हणजे ग्रिफिनला अंतर राखायचंय आणि वुल्व्हरिनला ते तोडायचंय. अख्खा डाव या ओढाताणीवर चालतो.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला दोघेही फासे टाकतात, आणि जो हरतो त्याला आधी हलावं लागतं. जिंकणारा समोरच्याची जागा पाहून मग आपला मेक हलवतो, जमल्यास त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहतो. पाठीचं चिलखत पातळ असतं. म्हणून आधी हलायची पाळी आली की पाठ नकाशाच्या कडेला किंवा डोंगराला लावून उभं राहायचं. नवख्याला देण्यासारखा हा माझा पहिला सल्ला.

७. सगळे "हीट, हीट" म्हणतात. ते काय प्रकरण आहे?

शस्त्र चालवलं की मेक तापतो, धावला की तापतो, उडी मारली तर आणखी तापतो. मेकमध्ये बसवलेले हीट सिंक दर फेरीला ठरावीक उष्णता बाहेर टाकतात, उरलेली साठत जाते.

मोठ्या बॉक्समधला ऑसम घ्या. त्याच्याकडे तीन पीपीसी आहेत, एकेकीची हीट १०. चालत येऊन तिन्ही डागल्या तर ३० अधिक चालण्याची १, एकूण ३१. त्याचे हीट सिंक २८ बाहेर टाकतात. उरले ३. पुढच्या फेरीत तेच केलं तर ६, आणि ५ ओलांडल्यामुळे पाय मंदावतात. तिसऱ्या फेरीत ९, आता नेमही बिघडतो. म्हणून जाणते खेळाडू तीन, तीन आणि मग दोन अशा लयीत मारतात. १४ला मेक बंद पडण्याचा धोका सुरू होतो, १९पासून दारूगोळा स्फोटाचा, आणि ३०ला मेक नक्की बंद पडतो.

बिगिनर बॉक्समध्ये हीट नाही. दोन-तीन डावांनंतर ती जोडलीत की खेळ एकदम खोल होतो. हा बदल स्वतः अनुभवावा म्हणून तरी लहान बॉक्सपासून सुरुवात करा.

८. भाचा दहा वर्षांचा आहे. वाढदिवसाला द्यावा का? त्यात मारामारी फार आहे का?

दोन आकडी बेरीज तोंडी येत असेल आणि तासभर एका जागी बसण्याची आवड असेल, तर दहाव्या वर्षी बिगिनर बॉक्स जमतो. पण नुसता बॉक्स हातात देऊन निघून जाऊ नका, पहिला डाव तुम्ही किंवा त्याच्या आई-बाबांनी बसून खेळा. मोठा बॉक्स बाराच्या पुढे ठीक.

लढाई यंत्रांची आहे. गोल काळे होतात, हात तुटतो, मेक कोसळतो. रक्तपात दिसत नाही, पण पायलट जखमी होणं आणि मरणं नियमांत आहे. घरात धाकटं भावंड असेल तर मेकचे छोटे भाग तोंडात जाणार नाहीत हे पाहा.

९. रूलबुक इंग्रजीत आहे. मराठी शाळेतल्या मुलांना अडचण येईल?

वाचताना येईल, खेळताना नाही. टेबलावर लागतात ते आकडे, बाण आणि दहा-बारा शब्द. घरातल्या एका मोठ्या माणसाने रूलबुक एकदा शांतपणे वाचावं आणि नेमाचे आकडे (प्रश्न ६मधले) एका कागदावर मराठीत लिहून टेबलावर ठेवावेत. मुलं तिसऱ्या फेरीपासून तो कागद बघतही नाहीत. शस्त्रांची नावं इंग्रजीच राहू द्या, ती मुलांना लगेच पाठ होतात.

१०. विकत घेण्याआधी फुकट खेळून पाहता येतं का?

येतं, आणि जरूर पाहा. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर सुरुवातीचे नियम पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. ते छापा, षटकोनी खणांचा कागद काढा, मेकच्या जागी दोन बाटल्यांची झाकणं ठेवा आणि तोंड कुठे आहे ते दाखवायला त्यावर बाण काढा. एक डाव खेळा. आवडला तर बॉक्स घ्या. पैसे जपून वापरणाऱ्या कॉलेजच्या मुलांना मी आधी हेच करायला सांगतो.

११. भारतात कुठे मिळेल आणि किती पडेल?

मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या बोर्ड गेमच्या दुकानांत आणि आयात करणाऱ्या ऑनलाइन विक्रेत्यांकडे मिळतो, पण कायम नाही. माल येतो, संपतो, पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून दुकानदाराला 'आलं की कळवा' असं सांगून ठेवा.

तुलनेसाठी: २०१९ साली अमेरिकेत बिगिनर बॉक्सची छापील किंमत साधारण २० डॉलर होती आणि मोठ्या बॉक्सची ६० डॉलर. नंतर ती वाढली आहे. इथे त्यात वाहतूक, सीमाशुल्क, जीएसटी आणि दुकानदाराचा नफा मिळवायचा. त्यामुळे इथला भाव नुसत्या डॉलरच्या रूपांतराइतका असण्याची अपेक्षा धरू नका. त्या दिवसाच्या अमेरिकी किमतीशी ताडून पाहा. दुपटीच्याही पुढे गेला असेल तर थांबा, दुसरा विक्रेता शोधा.

परदेशी संकेतस्थळावरून थेट मागवताना ऑर्डर देण्याआधीच विचारा: सीमाशुल्क किमतीत धरलंय की कुरिअरवाला दारात मागणार? स्वस्त वाटलेला बॉक्स महाग पडतो तो बहुतेक वेळा इथेच.

१२. ताई पुढच्या महिन्यात न्यू जर्सीहून येतेय. काय आणायला सांगू?

एकच वस्तू सांगायची असेल तर 'अ गेम ऑफ आर्मर्ड कॉम्बॅट'. बिगिनर बॉक्स इथे तरी अधूनमधून दिसतो. मोठा बॉक्स इथे महाग पडतो, शिवाय सामानात त्याचं वजन फार नसतं. बॅगेत जागा वाचवायला ती बॉक्स सपाट करून सगळं पिशवीत आणते म्हणाली तर नको म्हणा. आतले साचे मेकचे पाय आणि बंदुका जपतात.

ताईला संकेतस्थळाचा दुवा पाठवा, नुसतं नाव सांगू नका. का, ते प्रश्न १४मध्ये.

१३. 'अल्फा स्ट्राइक' हा वेगळा गेम आहे का? तो सोपा आहे असं ऐकलं.

जग तेच, मेक तेच, नियम वेगळे. खण नाहीत, मोजपट्टीने अंतर मोजायचं. प्रत्येक मेकला अख्ख्या कागदाऐवजी एक कार्ड. २०२२च्या बॉक्समध्ये १३ मेक आहेत. डझनभर मेक घेऊन दोन तासांत लढाई संपवता येते.

सोपा आहे हे खरं. पण हात तुटणं, हीटचं गणित, पाठ वाचवणं यातलं बरंचसं तिथे एकेका आकड्यात गुंडाळलेलं असतं. ज्यांना मोठ्या तुकड्या हलवायच्या आहेत त्यांनी हा घ्यावा. एकेका मेकशी नातं जडावं असं वाटणाऱ्यांनी बिगिनर बॉक्सच घ्यावा. प्रतिकृती दोन्हीकडे चालतात, त्यामुळे नंतर मन बदललं तरी पैसे वाया जात नाहीत.

१४. ऑनलाइन "बॅटलटेक" शोधलं की पंचवीस बॉक्स दिसतात. चुकून कुठला घेतला जातो?

तीन चुका नेहमी होतात.

पहिली, फोर्स पॅक. चार किंवा पाच मेक, देखणा बॉक्स, पण आत नियम नाहीत, नकाशा नाही, फासे नाहीत. ते पूरक पॅक आहेत.

दुसरी, 'क्लॅन इन्व्हेजन'. नाव आणि आकार पाहून स्वतंत्र गेम वाटतो. तो विस्तार आहे, त्याला मोठा बॉक्स आधी लागतो.

तिसरी, सॅल्व्हेज बॉक्स. एकच मेक, आणि तोही कुठला ते उघडल्यावरच कळतं. भेट म्हणून मजेशीर, सुरुवातीला निरुपयोगी.

नावात 'बिगिनर बॉक्स' हे शब्द आणि प्रकाशक म्हणून कॅटलिस्ट गेम लॅब्स, हे दोन्ही दिसलं की मगच पैसे भरा. 'टोटल वॉरफेअर' हे जाड पुस्तकही अनेकदा सुचवलं जातं. रणगाडे, पायदळ, विमानं आणायची वेळ येईपर्यंत त्याची गरज नाही.

१५. मेक रंगवावेच लागतात का?

नाही. जोडायचेही नसतात, बॉक्समधून काढून थेट खेळता येतं. 'किल टीम'सारख्या गेममध्ये आधी तुकडे कापा, चिकटवा आणि मग खेळा, असं असतं. तो छंद सुंदरच आहे, पण तो वेगळा छंद आहे. रंगाशिवाय दोन बाजू ओळखू येत नसतील तर मेकच्या पायाखालच्या बैठकीच्या कडेला एकीकडे लाल आणि दुसरीकडे निळं नेलपॉलिश लावा. मेकचं तोंड कुठे आहे हे दाखवायला पुढच्या कडेवर एक ठिपका द्या. त्याने खेळताना वाद टळतात.

१६. बरोबर खेळायला कुणी नाही. एकट्याने जमतो का?

टेबलावर दोन्ही बाजू स्वतः खेळून नियम पक्के करता येतात. त्याहून चांगला मार्ग म्हणजे मेगामेक. हा संगणकावरचा मोफत, मुक्त स्रोत प्रोग्राम आहे आणि त्यात बोर्ड गेमचे पूर्ण नियम आहेत. 'प्रिन्सेस' नावाचा बॉट समोरून खेळतो. दिसायला साधा आहे, पण नेमाची बेरीज प्रत्येक वेळी मोडून दाखवतो, त्यामुळे शिकायला उत्तम. परगावी राहणाऱ्या मित्राशीही यावरून खेळता येतं.

१७. जुना सेट स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

बहुतेक वेळा हो. नियमांचा गाभा १९८०च्या दशकापासून तोच असल्याने जुना नकाशा, जुनी रेकॉर्ड शीट आजही चालते. तुकडे मोजा, नकाशाच्या घड्या फाटल्या नाहीत ना पाहा.

एक मोठा अपवाद आहे: 'मेकवॉरियर: डार्क एज'. विझकिड्स कंपनीने २००२ साली काढलेला हा गेम त्याच जगातला, पण पूर्ण वेगळा. त्याचे मेक रंगवलेले, मोठे आणि फिरणाऱ्या चकतीच्या बैठकीवर उभे असतात. बैठकीवर फिरणारे आकडे दिसले तर तो बॅटलटेक नाही. स्वस्त दिसतो म्हणून लोक तो घेतात आणि मग नियम जुळत नाहीत.

१८. जुन्या चित्रातला वुल्व्हरिन आणि माझ्या बॉक्समधला वेगळा दिसतो. नकली आला का?

नाही. सुरुवातीच्या काळात काही मेकची चित्रं जपानी अ‍ॅनिमे मालिका-चित्रपटांतल्या यंत्रांवरून घेतलेली होती. पुढे हक्कांचे वाद झाले आणि ती रूपं छापणं थांबलं. खेळाडू त्यांना 'अनसीन' म्हणतात. वुल्व्हरिन, ग्रिफिन, शॅडो हॉक, थंडरबोल्ट, बॅटलमास्टर आणि लोकस्ट हे सगळे त्यातलेच. आताच्या बॉक्समध्ये त्यांची नव्याने रेखाटलेली रूपं आहेत. नाव, वजन आणि शस्त्रं जुनीच. जुनी प्रतिकृती आणि नवी शीट एकत्र वापरली तरी चालतं.

१९. स्टार वॉर्सचा एक्स-विंग जास्त ओळखीचा आहे. तो का नाही?

खेळ म्हणून छान आहे, अवकाशयानांच्या लढाईचा थरार त्यात खराच आहे. पण जून २०२४मध्ये प्रकाशकाने त्याचा पुढचा विकास थांबवत असल्याचं जाहीर केलं. घरात पडलेला असेल तर आनंदाने खेळा. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तो सुचवणार नाही, कारण हळूहळू सुटे भाग आणि सोबती शोधत फिरावं लागेल.

२०. पॅकमधून नवा मेक आला, पण त्याची रेकॉर्ड शीटच नाही.

तुकडा हरवलेला नाही. फोर्स पॅकमध्ये अल्फा स्ट्राइकचं कार्ड आणि पायलटचं कार्ड येतं, मूळ गेमची पूर्ण शीट येत नाही. मेगामेकच्याच कुटुंबातल्या मेगामेकलॅब या मोफत प्रोग्राममधून हव्या त्या मेकची शीट छापता येते.

छापताना एक सांगतो. शीट प्लॅस्टिकच्या शीट प्रोटेक्टरमध्ये सरकवा आणि व्हाइटबोर्ड मार्करने गोल भरा. डाव संपला की कोरड्या कपड्याने पुसून टाका. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात कागद ओलसर पडतो, पेन्सिल उठत नाही, खोडताना फाटतो. तिथे तर दुसरा मार्गच नाही. नकाशाही गुंडाळून न ठेवता सपाट ठेवा, वर जाड पुस्तकं रचून.

२१. 'क्लॅन इन्व्हेजन' आणल्यापासून एक बाजू सतत हरतेय. आमचं काय चुकतंय?

क्लॅन म्हणजे या कथेत बाहेरून चढाई करून येणारे योद्ध्यांचे गट. त्यांची शस्त्रं मुळातच हलकी, लांब पल्ल्याची आणि जास्त घातक आहेत. टन मोजून बाजू समान केल्या तर क्लॅन जिंकणारच. ५५ टनांचा जुना मेक आणि ५५ टनांचा क्लॅनचा मेक यांची बरोबरी होत नाही.

त्यासाठी 'बॅटल व्हॅल्यू' नावाचा आकडा असतो, बहुतेक शीटवर छापलेला. दोन्ही बाजूंच्या आकड्यांची बेरीज जवळपास सारखी ठेवा. क्लॅनवाल्याकडे मेक कमी येतील, समोर जास्त. पायलटचं कौशल्य नेहमीच्या ४ (नेमबाजी) आणि ५ (मेक चालवणं) यांपेक्षा चांगलं, म्हणजे लहान आकड्याचं, धरलं असेल तर हा आकडाही वाढवावा लागतो, हे बरेच जण विसरतात. बरोबरी बसली तरी जुन्या मेकवाल्याने उघड्यावर उभं राहून लांबून गोळाबारी करू नये. डोंगर आणि झाडीच्या आडून अंतर तोडावं आणि दोघातिघांनी मिळून एकालाच धरावं.